जिन्नाक्काचं ‘ऱ्हाऊ दे’

निपाणीच्या वाचनालयात एका भिंतीवर गावातल्या मोठ्या माणसांचे फोटो ओळीनं लावलेले आहेत. बहुतेकांच्या डोक्यावर फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी आणि चेहऱ्यावर फोटो काढणाऱ्यावर उपकार केल्याचा भाव. ह्यांनी काय केलं असं विचारलं, तर वाचनालयाचा शिपाई ‘लई मोठे होते’ एवढंच सांगतो. मला वाटतं, त्याहून जास्त माहिती त्यांच्या घरीही नसावी.

त्या भिंतीवर जिन्नाक्का नाही. तिचा फोटो कोणी काढलाच नाही. त्यामुळे ती डोळ्यांपुढं येते ती बहुतेक वेळा पाठमोरी: धान्याच्या कोठीत, बंद दाराशी, डोक्यावरचा पदर पुढं ओढून, त्याच पदराच्या टोकात आमच्या कोंबडीचं अंडं धरून उभी असलेली.

ती आमची शेजारीण. तिच्या आणि आमच्या परड्यांमध्ये, म्हणजे मागल्या अंगणांमध्ये, कमरेएवढी एक भिंत होती. आम्ही मराठे, ती जैन. नवरा लवकर गेलेला, चिकोडीच्या वाटेवर थोडी जमीन, ती वाट्यानं लावलेली, आणि एकुलती एक मुलगी, कुसुम. पाणी दोनदा गाळून घेणार, कांद्याबटाट्याला शिवणार नाही, दिवस मावळायच्या आत जेवून चूल झाकणार. हे सगळं गल्लीत इतरही काही जण करत. पण ते करताना गल्लीला ते कळेल एवढी काळजी घेत. जिन्नाक्काचं कोणाकडं लक्षच नसे. तिचं लक्ष जमिनीकडं. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून ती जन्मभर खाली बघून चालली, आणि त्यामुळे गल्लीतली माणसं ती पायांवरून ओळखायची. मी शाळेत शिकवून आलो, की वर न बघता म्हणायची, “मास्तर, उजव्या वहाणेचा अंगठा सुटलाय बघा.” माझ्या लग्नात तिनं माझ्या बायकोची एकाच वाक्यात तारीफ केली: पोरीच्या टाचा सरळ पडत्यात. तोंडाबद्दल ती काहीच बोलली नाही. बहुधा पाहिलंच नसावं.

आता अशा बाईचा अंड्यांशी संबंध यावा, हे तिच्या समाजाला पटण्यासारखं नव्हतं. तो आला आमच्या आईमुळं.

आई कोंबड्या पाळायची. एखादी कोंबडी खुडूक झाली, की बुट्टीत भुसा घालून तिला अंड्यांवर बसवायची. पिल्लं निघाली, की कोंबडी त्यांना घेऊन उठे आणि मागं दोन-चार अंडी तशीच राहत. ती आई उकिरड्यावर फेकून देई. एका सकाळी असंच फेकलेलं अंडं दगडावर फुटलं. आत पुरतं वाढलेलं पिल्लू होतं. त्यानं एकदा मान उचलली आणि टाकली. भिंतीपलीकडं जिन्नाक्का धुणं वाळत घालत होती.

त्या दिवशी तिची चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कुसुम तोंड उतरवून आमच्याकडं आली, म्हणाली, आई जेवत न्हाय. माझी आई कोणासाठी जेवण सोडणाऱ्यातली नव्हती, पण आपल्यापायी शेजारीण उपाशी बसावी हे तिला सोसेना. भिंतीशी जाऊन तिनं विचारलं, “आक्का, चुकलं माझं. आता काय करू सांग.”

“मी बघितल्याबिगर एक बी अंडं टाकायचं न्हाय,” जिन्नाक्का म्हणाली.

“तू अंड्याला शिवणार?”

“शिवंन कशाला? पदरानं धरीन.”

तेव्हापासून हा रिवाज सुरू झाला. तिच्या कोठीला परड्याकडं उघडणारं एक जुनं दार होतं. त्याच्या फळीतली गाठ कधी तरी निखळून पडली होती, आणि सकाळी त्या भोकातून उन्हाची एकच तिरीप आत येई. दार लावलं की कोठीत मिट्ट अंधार आणि ती एवढी तिरीप. जिन्नाक्का अंडं पदरात धरून त्या भोकाला लावायची. अंडं कंदिलासारखं उजळायचं. आईनं मलाही एकदा दाखवलं. बसवून आठवडा झालेल्या अंड्यात तांबड्या शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं असतं आणि मधे एक काळा ठिपका, तो हलतो. नुसताच पिवळा उजेड दिसला, तर अंडं रिकामं. शिरा तुटून रक्ताचं नुसतं कडं उरलं असेल, तर आतला जीव गेलेला. पिल्लू मोठं झालं की अंडं काळं दिसू लागतं, उजेड पलीकडं जात नाही. मग जिन्नाक्का कोमट पाण्यात ते अलगद सोडायची. आत जीव असला तर पाणी स्थिर झाल्यावरही अंडं आपोआप डुलतं. हे पाणीही ती गाळून घ्यायची. अंड्याला पाण्यातल्या किड्यांचं काय, असं आईनं विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं, अंड्याला काय न्हाय, किड्यांना हाय.

‘मेलं’ हा शब्द ती वापरत नसे. निकाल तीनच. जीव दिसला तर, “कोनतरी हाय.” नसला तर, “कोन न्हाय.” आणि शंका असली तर, “ऱ्हाऊ दे.” ज्याच्यावर ‘ऱ्हाऊ दे’ पडलं, ते अंडं कोंबडी उठून गेल्यावरही फेकायचं नाही. ते कापसात गुंडाळून जिन्नाक्काच्या चुलीशेजारच्या कोनाड्यात जाई आणि तिथल्या उबेत तिचा निकाल होईपर्यंत राही.

कोंबड्यांशी ती कानडीत बोलायची. आमच्या कोंबड्या मराठी, पण त्या तिचं ऐकायच्या. आईनं मराठीत बोलावलं तर येत नसत.

कुसुमला ह्या सगळ्याची मोठी गंमत. ती आपल्या आईला डाक्टरीणबाई म्हणायची. कधी लिंबू, कधी सुपारी पदरात धरून भोकाशी न्यायची आणि आईचाच गंभीर आवाज काढून म्हणायची, “आक्का, ह्यात कोन न्हाय गं.” आम्ही भिंतीअलीकडं हसायचो. ती हसली की पलीकडच्या गल्लीतल्यांना कळायचं कुसुम हसतीया. जिन्नाक्का नुसती म्हणायची, तोंड आवर, किती मोठ्यानं.

गोष्ट बस्तीपर्यंत गेली. बस्ती म्हणजे त्यांचं मंदिर, आणि बस्तीचे मुख्य पंच म्हणजे तंबाखूचे एक मोठे व्यापारी. सरकारनं पदवी दिल्यापासून त्यांच्या घरचेही त्यांना रावसाहेब म्हणत. आधी काय म्हणत, ते आता कोणाला आठवत नव्हतं. एक दिवस रावसाहेब आणखी दोघांना घेऊन जिन्नाक्काकडं आले आणि घोंगडीवर बसले. माझ्या आईला साक्षीला बोलावलं होतं, आणि मास्तर म्हणून मला का बोलावलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. रावसाहेबांनी जैन बाईनं अंडं हातात धरणं कसं अधर्माचं, हे बराच वेळ सांगितलं. सभेत बोलायची सवय असल्यामुळे मधे मधे ते टाळ्यांसाठी थांबत होते.

जिन्नाक्का त्यांच्या पायांकडं बघत ऐकत होती. मग तिनं विचारलं, अंड्यात जीव असतो का नसतो, तेवढं सांगा. नसला तर धरण्यात पाप न्हाय. असला तर टाकण्यात पाप हाय. कंचं ते तुमी ठरवा, मी तसं करते.

रावसाहेबांनी दोघा पंचांकडं पाहिलं. पंचांनी छपराकडं पाहिलं. शेवटी, अंडं धरल्यावर अंघोळ करावी, असा निकाल झाला. जिन्नाक्का म्हणाली, अंघोळ तर मी तशीबी करते. एवढ्यात कोनाड्यातलं एक ‘ऱ्हाऊ दे’ फटकन फुटलं. तो वास ज्यानं घेतला नाही त्याला सांगून समजणार नाही. पंच उंबऱ्याबाहेर कसे गेले ते मी पाहिलं नाही, कारण मी त्यांच्या आधी बाहेर होतो. मागून जिन्नाक्काचा शांत आवाज आला, “रावसाहेब, डावा जोडा तुमचा न्हवं.”

आई मात्र ह्या ‘ऱ्हाऊ दे’वर चिडायची. कोंबडी बसलेली असेपर्यंत शंकेचं अंडं बुट्टीतच राही, आणि ते नासून फुटलं तर बाकीची अंडीही बिघडत. एकदा तसं झालंही. आई म्हणाली, “एकाच्या शंकेपायी बाकीच्यांचा जीव घालवतीस तू, आक्का.” जिन्नाक्कानं मान खाली घातली, पण सवय बदलली नाही. आणि मग ते लंगडं पिल्लू निघालं.

कोंबडी पिल्लं घेऊन कधीच उठून गेली होती. एक अंडं उरलं होतं. पाण्यात सोडलं तर हलेना. आई म्हणाली, दगड हाय हा. जिन्नाक्का पाण्याशी बसून राहिली. खूप वेळानं म्हणाली, पाणी थरारलं. आईला काही दिसलं नाही, कुसुमला दिसलं नाही, मलाही नाही. अंडं कोनाड्यात गेलं. त्याचा आम्हाला विसर पडल्यावर एका दुपारी कुसुम ओरडतच भिंतीशी आली. तिच्या ओंजळीत ओलं पिल्लू होतं. एक पाय वाकडा. कुसुमनं खराट्याच्या काडीचा तुकडा चिंधीनं त्या पायाला बांधला, पण पाय सरळ झाला नाही. लंगडं जिन्नाक्काच्याच घरी राहिलं. अख्ख्या निपाणीत जैनाच्या घरी कोंबडी तेवढी एकच.

त्या दिवसापासून आई ‘ऱ्हाऊ दे’वर बोलायची बंद झाली आणि जिन्नाक्काच्या आवाजात एक ठामपणा आला. पूर्वी ‘ऱ्हाऊ दे’ म्हणताना ती विनवल्यासारखं म्हणायची. आता सांगितल्यासारखं म्हणू लागली.

कुसुमचं लग्न चिकोडीकडच्या एका घरात झालं. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. आल्या आल्या, माझी आई सांगते, ती थेट कोठीत गेली, दार लावलं आणि त्या तिरिपेत पोट धरून उभी राहिली. “डाक्टरीणबाई, बघा की कोनतरी हाय का.” जिन्नाक्का पदरात तोंड घालून हसली. तिला मोठ्यानं हसताना आईनं त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

कळा सुरू झाल्या आणि थांबेनात. रात्र गेली, सकाळ झाली, मूल खाली उतरेना. सुईणीनं हात टेकले. मला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना आणायला पाठवलं. हे डॉक्टर हळू बोलत आणि पायी हिंडत. त्यांना तोरा नव्हता, म्हणून गावाला ते फारसे हुशार वाटत नसत. ते तपासून बाहेर आले तेव्हा ओसरीवर जावई, जिन्नाक्का आणि मी होतो.

डॉक्टर म्हणाले, मूल अडकलंय, त्याचे ठोके लागत नाहीत. आईला वाचवायचं, तर मूल आतच तोडून काढावं लागेल. ते आत्ताच करायला हवं.

जावई पोरसवदा होता. त्यानं सासूकडं पाहिलं. “आत्या सांगतील तसं,” तो म्हणाला.

जिन्नाक्का हात धुऊन आत गेली. लेकीच्या पोटाला कान लावून ती बराच वेळ बसली, असं आई म्हणाली. तशीच, त्या पाण्याशी बसली होती तशी. बाहेर आली आणि मी तिला ओळखत होतो तेवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं मान वर करून परक्या माणसाच्या तोंडाकडं पाहिलं.

“डाक्टर, ते गेलंय अशी खात्री हाय तुमची?”

“ते गेलंय याची नाही. थांबलो तर कुसुम जाईल, याची बरीच आहे.”

“आत कोनतरी हाय,” जिन्नाक्का म्हणाली.

दाराशी माझी आई येऊन उभी होती. “आक्का, पोरीकडं बघ एकदा. पांढरी पडलीया.”

“सगुणा, जितं हाय गं ते. जित्याला कसं तोडायला सांगू?”

डॉक्टर पिशवीचा बंद धरून उभे होते. मग जिन्नाक्कानं पुन्हा खाली बघितलं.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली.

डॉक्टर गेले नाहीत. त्यांना करता येण्यासारखं जे होतं ते त्यांनी केलं. ऊन कलल्यावर आतून मूल रडल्याचा आवाज आला. मुलगी होती, धडधाकट. माझ्या आईनं बाहेर येऊन माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. जावई रडत होता आणि हसत होता. लंगडी कोंबडी पायात आली तर त्यानं तिलाही उचलून घेतलं. मी तो गूळ तोंडात टाकणार, एवढ्यात आतून आईनं हाक मारली, पण ती मला नव्हती. ती डॉक्टरांना होती.

रक्त थांबलं नाही. दिवस मावळायच्या आत कुसुम गेली.

मी डॉक्टरांना दवाखान्यापर्यंत पोचवायला गेलो. फाटकाशी थांबून म्हणाले, “त्या बाईंनी बरोबर ऐकलं होतं, मास्तर.” मग फाटक लोटत, “मीही चुकलो नव्हतो.” आणि आत गेले.

पुढच्या महिन्यात बस्तीत रावसाहेबांनी भाषण केलं. जीवदयेचा एवढा मोठा आदर्श आपल्या गावात घडला, एका मातेनं धर्मासाठी पोटची लेक दिली, वगैरे. ह्या वेळी टाळ्या खरोखरच पडल्या. जिन्नाक्का गेली नव्हती, म्हणून तिच्या मानाची शाल घरी पाठवण्यात आली. दुसऱ्या दिवशी तिनं ती भिंतीवरून आईच्या हातात दिली. “कोंबडीखाली घाल,” म्हणाली. चांगली लोकरीची शाल होती. आईनं खरोखरच ती बुट्टीत घातली, आणि त्या वर्षी आमच्या कोंबड्या रावसाहेबांच्या शालीवर बसल्या. शालीमागोमाग लंगडी कोंबडीही जिन्नाक्कानं भिंतीवरून आमच्याकडं सोडली.

आईला वाटत होतं, ह्यातून ती हळूहळू सावरेल. पिल्लं निघून अंडी उरली, तेव्हा आई नेहमीप्रमाणं बुट्टी घेऊन भिंतीशी गेली. ह्या खेपेला मीही होतो. जिन्नाक्का धान्य निवडत बसली होती. तिनं बुट्टीकडं पाहिलं नाही.

“सगुणा,” ती म्हणाली, “आत कोन हाय तेवढंच मी बघत आले गं. टरफलाकडं कधी बघितलंच न्हाय.”

आई तशीच मागं फिरली. त्या दिवशी संध्याकाळी कोठीच्या दारातलं भोक मातीच्या गोळ्यानं लिंपलेलं दिसलं.

जावयानं दुसरं लग्न केलं. पोर आजीकडंच राहिली. तिला शेळीचं दूध, ते गाळून. अंघोळ, धुरी, काजळ, सगळं वेळच्या वेळी. कशात कमी पडू दिलं नाही. पण मांडीवर घेतलं नाही, आणि तोंडाकडं पाहिलं नाही. पोरीचं नाव माझ्या आईनंच ठेवलं, कमळ. जिन्नाक्का तिला ‘ए पोरी’ म्हणायची. पोरीच्या पायांत कुठं काटा गेला, कुठं ठेच लागली, हे तिला पोरीच्या आधी कळे. पायांच्या वर तिची नजर जात नसे. पोर चालायला लागली, बोलायला लागली, गल्लीत नाचायला लागली. ती मोठ्यानं हसली की जिन्नाक्का हातातलं काम टाकून आत जाई. आई एकदा रागानं म्हणाली, “पोरीचं तोंड कुनागत हाय, ते तरी बघ.” जिन्नाक्का म्हणाली, “ठावं हाय मला.”

माझी बदली बेळगावला झाली आणि मी खासबागेत बिऱ्हाड केलं. निपाणीला जाणं सुट्टीपुरतं उरलं. जिन्नाक्काला मी शेवटचं पाहिलं ते स्वातंत्र्य यायच्या आदल्या थंडीत. गावात तेव्हा स्वराज्य आल्यावर कोणाचे फोटो कुठं लावायचे ह्यावर वाद सुरू झाले होते. मी आणि आई जिन्नाक्काच्या परड्यात बसलो होतो. जिन्नाक्का पायरीवर सूप घेऊन बसली होती. तांदळातले किडे एकेक करून ती पानावर ठेवत होती, म्हणजे मग झाडाखाली सोडता येतील. डोळे अधू झाल्यानं सूप अगदी तोंडाशी धरलं होतं.

कमळ आमच्या खुराड्याकडून पळत आली. पुढचे दात पडलेले. आमच्या बुट्टीतलं एक अंडं तिच्या हातात होतं. आईनंच बोलता बोलता कधी तरी तिला सांगितलं असावं, तुझी आज्जी अंड्यात बघायची. पोर भिंतीवर चढून बसली, मावळत्या उन्हाला पाठ करून, आणि अंडं पुढं धरून म्हणाली, “आज्जी, ह्यात बघ की.”

नको म्हणायला जिन्नाक्कानं मान वर केली आणि ती तशीच राहिली.

ऊन पोरीच्या पाठीमागून येत होतं. तिचे दोन्ही कान त्या उन्हात लालभडक उजळले होते. पातळ कानांतल्या बारीक शिरांचं जाळं आम्हाला बसल्या जागेवरूनही दिसत होतं.

जिन्नाक्कानं सूप बाजूला ठेवलं. उठली. भिंतीशी आली. सवयीनं तिनं पदराचं टोक बोटांभोवती घेतलं आणि पोरीच्या कानाची कड त्यात अलगद धरली. ती बघत राहिली. शिरा बघितल्या, मग कानाच्या पुढं गाल, मग नाक, मग डोळे. माझ्या आईनं माझा हात घट्ट धरला होता.

“आज्जी,” पोर म्हणाली, “अंडं हिकडं हाय.”

आणि ती हसली, मोठ्यानं, पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

जिन्नाक्का ह्या वेळी आत गेली नाही. बोटांवरचा पदर गळून पडला. उघड्या हातानं तिनं पोरीचं तोंड चाचपलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

“कोनतरी हाय,” ती म्हणाली.

दिवस मावळला, तिची जेवायची वेळ टळली. तिच्या घरात अजून चूल पेटायची होती.